लोण्याचा मनोरा

बाबा,

आईला आता जिने चढवत नाहीत, म्हणून नेपरव्हिलचं घर सोडायचं ठरलं. ती माझ्याकडे एडिसनला येतेय. येतेय म्हणणं सोपं आहे, खरं तर तिला आणावं लागतंय. आमच्याकडे ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत कढीपत्त्यापासून कापसाच्या वातींपर्यंत सगळं मिळतं, असं आमिष मी वर्षभर दाखवत होते आणि ती म्हणत होती, "इथेही मिळतं गं सगळं. आणि इथे तुझे बाबा होते." गेल्या आठवड्यात तिने आपणहून देव जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळायला घेतले, तेव्हा मला कळलं की तिने मनाची तयारी केली. देव्हारा तिने आवरला आणि बेसमेंट माझ्या गळ्यात घातलं. तुमचं बेसमेंट आवरणं म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. पीनट बटरच्या रिकाम्या बरण्यांत स्क्रू, बंद पडलेल्या प्रत्येक मिक्सरची वायर, कुठल्या कुठल्या कपाटांच्या बिजागऱ्या. मी तुमच्यावर चिडत चिडत कचऱ्याच्या पिशव्या भरत होते आणि घर तापवायच्या भट्टीच्या मागे, पांढऱ्या चादरीखाली झाकलेलं ते उंच काहीतरी दिसलं. आई वरच्या पायरीवर उभी होती. म्हणाली, "ते तुझ्या बाबांचं चर्च. त्याला मी हात लावायची नाही. काय करायचं ते तूच ठरव."

तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं होत आली. इतक्या वर्षांत मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, तुम्ही असतानाही नाही, कारण फोन होता. आज लिहावंसं वाटलं, कारण त्या चादरीखाली जे होतं त्याबद्दल बोलावं असं दुसरं माणूसच उरलेलं नाही.

लग्नाच्याही आधी कंपनीने तुम्हाला एका हिवाळ्यात फ्रान्सला ट्रेनिंगला पाठवलं होतं. गावाचं नाव रुआँ. आपल्या नातेवाइकांना पॅरिस ठाऊक, फार तर आयफेल टॉवर. तुम्ही मात्र "आमचं रुआँ" म्हणायचात, एखाद्याने आमचं वर्धा म्हणावं तसं. नदीकाठचं जुनं शहर, लाकडी चौकटींत भिंती बसवलेली घरं, त्यांतली काही इतकी कललेली की समोरासमोरच्या दोन शेजारणींनी खिडकीतून विरजण मागावं. रस्त्यावर एक कमान, कमानीवर भलंमोठं सोनेरी घड्याळ, आणि त्याला काटा एकच. "मिनिटांची कुणाला घाई होती तेव्हा?" हे तुमचं ठरलेलं वाक्य. न्यायालयाच्या दगडी भिंतीला युद्धातल्या माराचे टवके उडालेले होते, ते त्यांनी बुजवले नाहीत, तसेच राहू दिले, हे तुम्ही नेहमी आवाज जरा खाली आणून सांगायचात. लहानपणी मला ते काही कळायचं नाही. भिंतीला भोकं पडली तर लिंपायची सोडून ठेवतात कशाला, असं वाटायचं.

रविवारी तुमच्या खोलीचं हीटिंग घरमालकीण बंद करायची. बाहेर कायमची भुरभुर. ओळखीचं कुणी नाही, भाषा येत नाही, खानावळीत काय मागावं ते कळत नाही. मग तुम्ही त्या मोठ्या कॅथेड्रलमध्ये जाऊन बसायचात. वेताच्या बैठकीच्या खुर्च्या, उंच खांब, युद्धात पडलेल्या भागात अजून बांधकामाच्या परांच्या, काळवंडलेल्या जुन्या दगडांमध्ये नवे पांढरे दगड. "त्या सहा महिन्यांत मला कुणी जेवलास का म्हणून विचारलं नाही," तुम्ही एकदा म्हणाला होतात, "पण त्या इमारतीने मला बसू दिलं." आईने तेव्हा हातातलं काम थांबवून तुमच्याकडे पाहिलं होतं. ते मी पाहिलं होतं.

आणि ते दोन मनोरे. दर्शनी बाजूचा डावा मनोरा जुना, अंगाने साधा, डोक्यावर टोकदार छप्पर. उजवा तीनेकशे वर्षांनी उभारलेला, नक्षीने भरलेला, आणि त्याला छप्पर नाहीच. वर आठ कोनांचा दगडी मुकुट. ईस्टरच्या आधीच्या उपासांत लोणी वर्ज्य असायचं, ज्यांना सुटत नव्हतं ते चर्चला दान देऊन परवानगी घ्यायचे, आणि त्या दानातून हा मनोरा उठला, असं तिथे सांगतात. म्हणून त्याचं नाव लोण्याचा मनोरा. एकादशीला आईच्या साबुदाण्याच्या खिचडीवर तूप पडलं की तुम्ही हमखास म्हणायचात, "तुझ्या तुपात आपला एक मनोरा ड्राइव्हवेवर उभा राहिला असता." आई म्हणायची, "मग आज तुम्ही कोरडीच खा." मी दहावी करून तुमच्यामागे या देशात आले, शाळेत धड बोलता येईना म्हणून रडायचे, तेव्हाही तुम्ही मला रुआँच सांगत बसायचात. मला वाटायचं, तुम्ही विषय बदलताय. तुम्ही विषय बदलत नव्हतात.

त्या शेवटच्या उन्हाळ्यात तुमची किमो सुरू होती. मी नोकरीतून सुट्टी काढून घरी आले होते. दर मंगळवारी तुमचे मित्र, काका, तुम्हाला हॉस्पिटलला न्यायला गाडी घेऊन दारात हजर असायचे. मला गाडी चालवता येत असूनही ते मला चावी घेऊ देत नसत. "तू आईबरोबर राहा. हे आमचं डिपार्टमेंट आहे." तुमच्याच वयाचे, तुमच्यासारखेच या देशात आधी आलेल्यांपैकी, इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कामात पुढे. त्या वर्षी गणपतीचं मखर कुणी करायचं हे ठरवायला मीटिंग आपल्या घरी झाली, म्हणजे तुम्हाला बाहेर पडायला नको. तुम्ही म्हणालात, "मी करतो. रुआँचं कॅथेड्रल." मग एक काकू म्हणाल्या, "अहो, पण चर्चमध्ये बाप्पा? लोक काय म्हणतील? माझ्या सासूबाई आल्यात इंडियाहून." तुम्ही शांतपणे विचारलंत, "आपण बाप्पा शाळेच्या जिममध्ये बास्केटबॉलच्या जाळीखाली बसवतो, ते सासूबाईंना चालतं ना?" सगळे हसले आणि ठराव पास झाला. क्रूस लावणार नाही, एवढं तुम्ही कबूल केलंत. ते लोक तुम्हाला नाही म्हणू शकत नव्हते, हे मला तेव्हा दिसत होतं. तुम्हालाही दिसत असणार. तुम्ही त्याचा फायदा घेतलात, आणि मला त्याचा आनंद झाला होता.

दोन महिने गॅरेजमध्ये गाड्यांना जागा नव्हती. हार्डवेअरच्या दुकानातून भिंतीत घालायच्या गुलाबी फोमच्या शीट्स आणल्या, तापलेल्या तारेने तुम्ही त्या कापायचात. वास असा सुटायचा की शेजारची बाई बघून गेली. दुपारी अंगात ताकद असेल तेवढा वेळ काम, मग घडीच्या खुर्चीवर पडून मला सूचना. रंगीत काचांसाठी भेटवस्तूंना गुंडाळायचा जिलेटीन कागद, त्यामागे ख्रिसमसच्या दिव्यांच्या माळा. लोण्याच्या मनोऱ्याच्या सुळक्यांसाठी मी टूथपिकं राखाडी रंगात बुडवून वर्तमानपत्रावर वाळत घालायचे. "घाई करू नकोस," तुम्ही म्हणायचात, "त्यांना हा मनोरा बांधायला पिढी लागली." मी म्हणाले, "बाबा, आपल्याकडे गणेश चतुर्थीपर्यंतच वेळ आहे." त्यावर तुम्ही इतके हसलात की खोकला आला. आयुष्यात तुम्हाला अनेक गोष्टी करताना पाहिलं, पण इतकं समाधानी कधी नाही. जे कुणालाही नीट सांगता आलं नव्हतं, ते एकदा आपल्या माणसांना दिसेल, अशी तुम्हाला आशा होती. मी ती तुमच्या तोंडावर वाचत होते.

शुक्रवारी संध्याकाळी मखर शाळेच्या जिममध्ये उभं केलं. तुम्हाला उभं राहवेना, मी तुम्हाला घरी आणलं. काका आणि दोघे-तिघे दिव्यांची जोडणी करायला थांबले. शनिवारी सकाळी स्थापनेला आपण पोचलो, आणि मी दारातच थबकले. दोन्ही मनोऱ्यांना टोकदार छपरं होती. उजव्याचा मुकुट कापून तिथे उरलेल्या शीट्सचं छप्पर बसवलं होतं, डाव्यासारखंच, रंगही जमवलेला. काका लगबगीने पुढे आले. तुमचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "तुझा एक टॉवर अर्धा राहिला होता यार. म्हटलं, ट्रीटमेंटमुळे जमलं नसेल, तू बोलणारही नाहीस. आम्ही बसून फिनिश करून टाकला. आता बघ, कसा बॅलन्स आलाय!"

मी तोंड उघडलं होतं. तुम्ही माझ्याकडे न बघता माझं मनगट धरलंत. मग काकांना म्हणालात, "छान झालंय. थँक यू." आणि "जरा दिव्यांच्या वायरी बघतो," असं म्हणून मखराच्या मागे गेलात. बराच वेळ आला नाहीत. पुढे मुलं ढोलकी बडवत होती, काकू मोदकांचे ट्रे लावत होत्या, गुरुजी घड्याळ बघत होते. मला वाटलं, तुम्ही मागे रडताय. म्हणून मी तिकडे गेले नाही, कुणाला जाऊही दिलं नाही. तुम्ही आलात तेव्हा डोळे कोरडे होते आणि बोटांना काहीतरी चिकटलेलं होतं. आरती झाली. तुम्ही खुर्चीत बसून टाळ्या वाजवल्यात. घरी येताना गाडीत मी म्हणाले, "त्यांना सांगायला हवं होतं, बाबा. सगळ्यांना वाटतंय तुमचंच चुकलं होतं." तुम्ही मला आयुष्यात फार कमी वेळा रागावलात. त्या दिवशी म्हणालात, "हा विषय पुन्हा काढायचा नाही. माझ्यासमोर नाही आणि मी नसतानाही नाही." मक्याच्या वाळत आलेल्या शेतांतून मी गाडी चालवत राहिले. थंडी सुरू होता होता तुम्ही गेलात.

मी तो विषय काढला नाही. पण काका काढतात. दर गणपतीला आईला फोन करून, मंडळातल्या नव्या मुलांना, तुमच्या श्राद्धाच्या जेवणावरसुद्धा: "त्याचं ते लास्ट मखर, टॉवर अर्धा राहिला होता, मी पुरा केला." मागे रुआँच्या त्या कॅथेड्रलच्या लोखंडी शिखरातून धूर निघताना मी फोनवर पाहिला. आग लवकर विझली म्हणे. पण पाहता पाहता मी नेपरव्हिलचा नंबर लावला होता, तुम्हाला सांगायला. आईने उचलला. "काय गं, ऑफिसच्या वेळेत?" मी म्हटलं, "काही नाही, सहज."

आता घर सोडतोय हे कळल्यावर काकांचा फोन आला. "अगं, ते मखर डोंट थ्रो इट हं. या वर्षी आपण परत लावू. मंडळाच्या स्टोरेजमध्ये ठेवू, यंग जनरेशनला दिसू दे. शनिवारी व्हॅन घेऊन येतो." मी हो म्हणाले आणि त्याच क्षणी ठरवलं, ते छप्पर कापायचं. रुआँचे फोटो समोर ठेवून मुकुट पुन्हा करायचा, नवी टूथपिकं लावायची, आणि मगच मखर द्यायचं. तुम्ही बोलायचं नाही म्हणाला होतात, दुरुस्त करायचं नाही असं म्हणाला नव्हतात. काका आता ऐंशीच्या पुढचे, त्यांना कदाचित कळणारही नाही. कळलं तर कळू दे. एकदा तरी लोकांनी तुमचा मनोरा बघायला हवा, बाबा, एवढंच मला हवं होतं. शनिवारी सकाळी लवकर मी चादर काढली. जिलेटीन फिकट झालं होतं, डाव्या मनोऱ्याचा एक कोपरा उंदराने खाल्ला होता. काकांचं छप्पर मात्र ठणठणीत. मी मागच्या बाजूने पातं घातलं आणि फोमचा एक तुकडा उचकटला.

आत लाकूड होतं. रंगाच्या दुकानात रंग ढवळायला फुकट मिळतात त्या पट्ट्या, तुमच्या टूलबॉक्समध्ये नेहमी असायच्या. एकमेकींना तिरक्या टेकवलेल्या, जिथे भेटतात तिथे खाच करून, खाचेत गोंद, वरून तार. ही खाच काकांची नव्हे. काकांनी छप्पर नुसतं टेपने चिकटवलं होतं, ती टेप पिवळी पडून अजून आतल्या बाजूला लोंबत होती. एवढं मोठं छप्पर, तेही पुढे झुकलेलं, खाली मूर्ती आणि मूर्तीपुढे मुलं. आरतीच्या घंटेनेच कोसळलं असतं. तुम्ही मागे गेलात, ते यासाठी. तुमचा मुकुट कापून बसवलेलं ते छप्पर पडू नये म्हणून तुम्ही त्याला आतून आधार दिलात. आणि मी बाहेर उभी राहून लोकांना अडवत होते, तुम्हाला मनसोक्त रडता यावं म्हणून.

मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले. इतक्या वर्षांत तुमच्यासाठी इतकी रडले नव्हते.

वर दार वाजलं. आई काकांना चहा विचारत होती आणि ते "आधी माल बघू" म्हणत कठडा धरून एकेक पायरी उतरत होते. शेवटच्या पायरीवर थांबले. माझ्या हातातलं पातं त्यांनी पाहिलं. "काय गं, काढतेस का ते?"

"नाही काका. सैल झालंय का ते बघत होते."

ते जवळ आले. छपरावरून हात फिरवला. "कसं टिकलंय बघ. आम्ही काही इंजिनियर नाही, पण टिकलं." मग म्हणाले, "दर मंगळवारी न्यायचो ना मी त्याला. गाडीत तो डोळे मिटून बसायचा आणि मला काही करता यायचं नाही. नुसतं ड्राइव्ह करायचो. ही एकच गोष्ट मी त्याच्यासाठी करू शकलो. त्याचं अर्धं राहिलेलं मी पुरं केलं."

मी म्हणाले, "बाबांना आवडलं होतं, काका."

खोटं बोलले की खरं, हे मला अजून ठरवता येत नाही. ते बोलताना मला त्यांचा राग येत होता हेही तुम्हाला सांगते. तुमच्याइतकं मोठं मन माझ्याकडे नाही. उचकटलेला तुकडा मी गोंद लावून परत बसवला. तुमच्या पट्ट्या आत गेल्या. मंडळाच्या दोन मुलांनी मखर चादरीसकट उचलून व्हॅनमध्ये ठेवलं, काका पुढच्या सीटवर बसून मागे वळून सारखे सूचना देत होते. आई खिडकीतून बघत होती. व्हॅन वळल्यावर तिने पडदा सोडला आणि विचारलं, "रडलीस का गं?" मी म्हणाले, धुळीची ॲलर्जी. तिने जास्त विचारलं नाही. तिला त्या पट्ट्यांचं सांगितलेलं नाही, आणि हे पत्रही तिला दाखवणार नाही.

दुपारी मी सगळे अल्बम खाली घेऊन बसले. त्या गणपतीचे पुष्कळ फोटो आहेत. आरतीचे, काकूंच्या ग्रुपचे, तुम्ही खुर्चीत आणि मागे मखर. सगळ्यांत दोन सारखी छपरं. गॅरेजमधला एकही नाही. काम पुरं झालं की काढू, असं आपण म्हणत राहिलो. रुआँच्या खऱ्या मनोऱ्याचे फोटो हवे तितके मिळाले, दगड न् दगड दिसतो. पण तो त्यांचा. तुमचा, गुलाबी फोमचा, एक बाजू जरा जास्त कापली गेली म्हणून तुम्ही स्वतःवरच चिडला होतात तो, तो पुरा मनोरा म्हणून पाहिलेली आता मी एकटीच आहे. आज सकाळपासून डोळे मिटून प्रयत्न करतेय. दरवेळी काकांचंच छप्पर समोर येतं. तुमचा मनोरा कसा दिसायचा, बाबा, ते मला आता आठवत नाही.